पिस्टनवरचा बाण

गाडी अजून कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापलीकडेच होती, डोळ्यांना दिसतही नव्हती, तेव्हाच मिस्त्रीनं तो आवाज ऐकला आणि स्टुलावरून तो असा ताडकन उठला, की मांडीवरचं वर्तमानपत्र थेट गटारात जाऊन पडलं. टक्, टक्, टक्. इंजिनाच्या फिरण्याबरोबर, एकही फेरा न चुकवता, कुणीतरी आतून दार ठोठावावं तसा. रस्त्यावरून ढिगानं गाड्या जात होत्या, समोर नव्या इमारतीचं काँक्रीट कालवणारं यंत्र घरघरत होतं, शेजारच्या पत्रेवाल्याची हातोडी चालूच होती. पण गर्दीतून आईला आपल्याच पोराचं रडणं ऐकू यावं तसं त्याच्या कानानं ते नेमकं उचललं. ही इथलीच गाडी. गेल्याच आठवड्यात इथून इंजिन नव्यानं बांधून गेलेली. आपण बांधलेली. आणि इथं त्याचं मन अडखळलं, कारण ‘आपण’ म्हणजे नेमकं कोण, हे या दुकानात फक्त दोघांना माहीत होतं, आणि त्यातली एक, त्याची बायको, आत मागच्या खोलीत बसून कार्बोरेटर धूत होती.

गाडी दारात येऊन थांबली. तिचे मालक म्हणजे तलावावर पोरांना पोहायला शिकवणारे मास्तर. अंगानं दांडगे, केस सदा ओले, गळ्यात शिट्टी आणि आवाज असा की समोरचा माणूस पाण्याच्या पलीकडच्या काठावर उभा आहे असं समजूनच बोलणार. “मिस्त्री, ऐका हे जरा!” ते गाडीवरून न उतरताच ओरडले. “सकाळी गार असताना तर असली ठोकते की पोरं म्हणाली, सर, तुमच्या गाडीला उचकी लागलीय. कुणीतरी आठवण काढत असेल म्हटलं. पण उचकी काय आठवडाभर लागते?” मिस्त्री हसला. हसणं त्याच्या तोंडावर आपोआप आलं, जसं गिऱ्हाइकासमोर वर्षानुवर्षं येत होतं. त्यानं लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. टोक धातूवर तडतडलं. त्याचा हात थरथरत होता. तो थरथरतोय हे मास्तरांना दिसू नये म्हणून त्यानं टोक मुद्दाम इकडून तिकडे फिरवलं, जणू तो शहाणपणानं जागा शोधतोय. ही युक्ती आता त्याच्या अंगवळणी पडली होती. वर झाकणापाशी टेकवलं. टॅपेट असेल तर आवाज हलका येतो, शिवणयंत्र चालावं तसा, आणि टॅपेट म्हणजे वरवरचं दुखणं. झाकण काढा, आटा सारखा करा, चहा पिऊन घरी जा. टॅपेट असू दे, तो मनात म्हणाला. कधी नव्हे ते त्यानं यंत्राची विनवणी केली. पण वरचं सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. मग तळाशी. क्रँकचं बेअरिंग गेलं तर आवाज जड येतो, कुणी पोतं आपटल्यासारखा. तसंही नव्हतं. मधे आला, सिलिंडरवर, आणि तिथं तो आवाज दांड्यातून चढून थेट त्याच्या दाढेत येऊन बसला. कोरडा, उघडा, बेशरम. पिस्टन वरून खाली येताना भिंतीवर आपटत होता. नव्यानं घासून घेतलेल्या सिलिंडरमध्ये नवाकोरा पिस्टन. तिथं कागदाला जायला जागा नाही, तर आपटायला कुठून आली?

आपटायला जागा येते ती चुकीनं. आणि चूक म्हणजे हाताची. आणि हात तिचा. एवढं त्याच्या मनात एका दमात आलं आणि त्याच्या पायाखालची वाळू सरकली. कारण गेलं वर्षभर आणि त्याहून अधिक, या दुकानातून बाहेर पडलेलं प्रत्येक इंजिन तिच्या हातानं बांधलेलं होतं. त्याच्या हातांचा कंप आधी उजव्या अंगठ्यात आला. झोप झाली नसेल म्हणून त्यानं सोडून दिलं. मग एक दिवस पिस्टनच्या पिनेचा लॉक, तारेची ती इवलीशी कडी, पकडीतून उडाली, परत धरली, परत उडाली, आणि शेवटी तो पकड भिंतीवर फेकून खाली फरशीवर बसला आणि रडला. पन्नाशी उलटलेला पुरुष, ग्रीसनं माखलेला, लहान पोरासारखा. तेव्हा तिनं ती कडी फरशीवरून शोधली, पकडीत धरली आणि खाचेत बसवली. टिच्च असा आवाज झाला. त्या एवढ्याशा आवाजावर त्यांचं पुढचं आयुष्य ठरलं. दुकान बंद करायचं नाही, कुणाला कळू द्यायचं नाही. तो बाहेर बसायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा, चाकं, तारा, ब्रेक असली ढोबळ कामं करायचा. ती मागच्या खोलीत दार लोटून इंजिनं बांधायची. लोक म्हणायचे, वहिनी बिचाऱ्या सुटे भाग धुऊन देतात, नवऱ्याला मदत करतात. दोघं ते ऐकून घ्यायची. तो शिकवताना सुरुवातीला तिच्याजवळ बसला, पण लवकरच त्यानं बसणं सोडलं. तिची बोटं पटापट चालताना त्याला बघवत नसे. खरं सांगायचं तर मत्सर वाटायचा. आपली जागा आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्यानं घ्यावी आणि तो दुसरा आपलंच माणूस असावा, म्हणजे रागवायचीही सोय नाही. म्हणून तो बाहेर बसायचा आणि आतून येणाऱ्या आवाजांवरून काम कुठवर आलंय ते ओळखायचा.

“काय वाजतंय?” आतून तिचा आवाज आला.

“टॅपेट,” तो म्हणाला. मास्तरांच्या तोंडावर धडधडीत खोटं, आणि तिच्याही.

“टॅपेट नाही ते. खालचं आहे,” ती दारात येऊन उभी राहिली. हात पदराला पुसत होती आणि मान किंचित वाकडी करून ऐकत होती. “तापलं की कमी होतं का हो, मास्तर?”

“होतं ना! तलावावर पोचेपर्यंत निम्मं होतं. वहिनी, तुम्हालासुद्धा कळायला लागलं की! वाण नाही पण गुण लागला म्हणायचा.”

“संगत कुणाची आहे,” ती म्हणाली आणि हसली. “उघडा मग. आत काहीतरी उलटंसुलटं झालंय.” हे ती इतक्या मोकळेपणानं म्हणाली, की मिस्त्री तिच्याकडे बघतच राहिला. हिला कळतंय का, की ही कुणाबद्दल बोलतेय? मास्तर किल्ली टाकून, संध्याकाळी तलाव बंद झाला की येतो म्हणून, चालत गेले. जाताना वर म्हणालेच, “मिस्त्री, तुमच्या हातचं काम आहे, म्हणून काळजी नाही.” गेल्या आठवड्यातही गाडी नेताना ते असंच काहीसं म्हणाले होते, तुमच्या हाताला तोड नाही म्हणून, आणि तेव्हा आतल्या खोलीत डबा आपटल्याचा आवाज झाला होता आणि ती त्या दिवशी घरी जाईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. ते आता त्याला आठवलं. कुसळासारखं ते मनात रुतून बसलं.

“तू घरी जा. जेवून घे. मी उघडतो,” तो म्हणाला. वर जिन्यानं गेलं की त्यांचं घर होतं. तिला वाटलं असेल याचा स्वाभिमान मधेच जागा झालाय. ती गेली. जिना चढताना तिची बोटं कठड्यावरून सरपटत गेल्याचा आवाज आला. त्यानं टाकी उतरवली, नळ्या सोडवल्या. मोठे नट सोडायला थरथरता हातही चालतो, उलट कधी कधी गंजलेला आटा कंपानंच सुटतो असं तो स्वतःची थट्टा करत म्हणायचा. आज थट्टा सुचली नाही. सिलिंडरचं वरचं हेड सुटलं. खाली पिस्टनचं गोल कपाळ दिसलं, आठवड्याच्या धुरानं काळवंडलेलं. त्यानं रॉकेलचा बोळा फिरवला. काजळी गेली, ॲल्युमिनियम उजळलं आणि त्यावर, काठापाशी, नखाएवढा बाण दिसला.

बाण मागे होता.

प्रत्येक पिस्टनवर असा एक बाण असतो आणि त्यानं पुढे, सायलेन्सरकडे बघायचं असतं. बस्स. शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी हे सांगतात आणि नंतर जन्मात सांगावं लागत नाही, जसं चप्पल कुठल्या पायातली हे सांगावं लागत नाही. पिस्टनची पिन मधोमध नसते, केसभर एका अंगाला असते. बाण मागे गेला की ते केसभर अंतर उलट्या बाजूला जातं आणि पिस्टन प्रत्येक फेऱ्याला भिंतीवर आपटतो. हा पिस्टन बाण मागे, कार्बोरेटरकडे करून बसला होता आणि आठवडाभर बिचारा ठोठावून सांगत होता. रिंग तुटली असती, तेलाची वाट बुजली असती, सिलिंडर घासणाऱ्यानं सूतभर जास्त घासला असता, तर त्यानं दोन शिव्या हासडल्या असत्या आणि कामाला लागला असता. पण हे! ही चूक कुणी करतच नाही. जिनं आजवर एक साधा वॉशर उलटा बसवला नाही, जी त्याला “दहाचा पाना जागेवर ठेवला नाहीत” म्हणून तासभर फैलावर घेते, ती हे करते? आणि मग एक विचार त्याच्या मनात शिरला, ज्याची त्याला पुढे आयुष्यभर लाज वाटणार होती, पण त्या क्षणी तो सरळ आत आला आणि मांडी घालून बसला: हिनं हे मुद्दाम केलंय. तो आपटलेला डबा. ती गप्प राहिलेली संध्याकाळ. लोक नवऱ्याच्या हाताची वाहवा करतात आणि ही आत रॉकेलनं बोटं सोलून घेते. करून दाखवलं हिनं. उघडं पाडलं आपल्याला. पण लगेच त्याला वाटलं, नाही. दुकानाची पाटी फोडेल, पाना फेकून मारेल, पण इंजिनाशी ती असं करणार नाही. इंजिन तिचं लाडकं आहे. मग?

पिस्टन नवा होता, नव्या बनावटीचा. जुने येईनात म्हणून सुट्या भागांच्या दुकानदारानं गळ्यात मारलेला. आणला तेव्हा त्यानंच तिच्या हातात दिला होता. तिनं तो कितीतरी वेळ हातात फिरवला होता, कणकेचा गोळा फिरवावा तसा, आणि म्हणाली होती, “गुळगुळीत आहे हो फार.” तेव्हा तो म्हणाला होता, “मग काय, खडबडीत हवा होता?” आणि स्वतःच्याच विनोदावर हसून बाहेर गेला होता. गुळगुळीत. त्यानं अंगठा त्या बाणावर ठेवला. अंगठा थरथरत होता म्हणून दाबून धरला. काहीच लागेना. बाण दिसत होता, करडा, रेखीव, पण तो खोदलेला नव्हता. वरच्यावर भाजून उमटवल्यासारखा होता. नख फिरवलं. नखालाही अडला नाही. पलीकडच्या काठाला मात्र मापाचा आकडा होता आणि तो ठोकलेला होता, खोल. त्यावर नख अडलं. मिस्त्रीनं मान वर केली. फळीवर जुने, मेलेले पिस्टन पडले होते. त्यानं एक ओढला, काजळी पुसली. त्याच्यावरचा बाण छिन्नीनं कोरावा तसा. मग आपण काय करतोय हे पुरतं कळायच्या आत त्यानं डोळे मिटले. जुना पिस्टन हातात फिरवला. बोटानं बाण लगेच पकडला, टोक कुठे, शेपूट कुठे, सगळं. डोळे मिटलेलेच ठेवून वाकला आणि नव्यावर बोट फिरवलं. गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग एका काठाला खड्डा. बोटाला वाटलं, हाच बाण. तो खड्डा पुढे होता, सायलेन्सरकडे. अगदी जिथे बाण असायला हवा तिथे. बिनचूक.

त्यानं डोळे उघडले नाहीत. उघडायची भीती वाटली. भरदुपारी, रस्त्यावरच्या सगळ्या गोंगाटात, तो सिलिंडरवर ओणवा होऊन मिटल्या डोळ्यांनी उभा राहिला आणि त्याला एकेक गोष्ट आठवत गेली, थांबून थांबून. मागच्या खोलीतला दिवा. काम करताना ती तो लावतच नसे. त्याला वाटायचं बाई काटकसरी; त्यानं पत्रेवाल्यापाशी फुशारकीसुद्धा मारली होती, की आमच्या घरात विजेचं बिल बघून मीटरवाल्याला रडू येतं. दहाचा पाना. पाना जागेवर नसला की ती पिसाळायची ते शिस्तीपायी नव्हतंच. माहेरी राहून गेलेली लेक फोनवर म्हणाली होती, “बाबा, आईनं या वेळी चहा ओतला तो सगळा बशीबाहेर. थकलीय का ती?” आणि तो म्हणाला होता, “थकेल कशानं, तू आल्यावर तिला तोंडाला विश्रांती नसते, लक्ष कुठून राहणार.” आणि रस्ता. लग्नाला इतकी वर्षं होऊन जी कधी त्याच्या बरोबरीनं चालली नव्हती, ती हल्ली बाहेर पडलं की त्याच्या कोपराला धरायची. पहिल्यांदा धरलं तेव्हा तो दचकला होता. मग सुखावला होता. पत्रेवाला डोळा घालून म्हणाला, “काय मिस्त्री, म्हातारपणी बाशिंग?” तर हा लाजलासुद्धा! आरशासमोर उभं राहून त्यानं त्या दिवशी मिशा कातरल्या होत्या. हात गेले पण बायको जवळ आली, असा त्यानं मनाशी हिशोब मांडला होता, आणि तो हिशोब घेऊन तो इतके दिवस गुलाबी होऊन हिंडत होता. मूर्ख. मैलावरून आवाज ओळखणारा मूर्ख. चार हातांवर बसलेल्या बायकोचं त्याला काही ऐकू आलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. त्यानं घाईनं सिलिंडर उचलला. पिस्टन दांड्यावर उघडा पडला. लॉक काढताना पकड नेहमीसारखी थरथरली, कडी उडून कुठेतरी गेली, जाऊ दे. पिन ढकलली आणि पिस्टन त्याच्या तळव्यात आला. ती दारातून आत आली, टेबलाला हाताचा मागचा भाग लावत आपल्या जागेवर जाऊन बसली आणि तळहात पुढे केला. “द्या. काय निघालं?”

त्यानं पिस्टन तिच्या हातावर ठेवला. तिनं तो फिरवला. तिचा अंगठा कपाळावरून काठाकाठानं गेला आणि त्या ठोकलेल्या आकड्यावर जाऊन थांबला.

“बाण कुठाय?” त्यानं विचारलं. स्वतःचा आवाज त्याला परक्याचा वाटला.

“हा काय,” ती म्हणाली. अंगठा आकड्यावर. पुरत्या खात्रीनं. आणि बाण तिच्या तळव्याच्या दुसऱ्या कडेला, उजेडात, लख्ख दिसत होता.

मग तिचा अंगठा पुन्हा एकदा सगळ्या काठावरून फिरला, सावकाश, आणि या वेळी तो आकड्यापाशी आला तेव्हा तिनं तो घाईनं उचलला, चटका बसल्यासारखा. “हा बाण नाही होय,” ती म्हणाली. प्रश्न नव्हताच तो. पत्रेवाल्याची हातोडी थांबली होती, जेवायला गेला असावा.

“कधीपासून?” तो म्हणाला.

“बसा आधी. तुमचा स्टूल वाजतोय.” शेजारच्या स्टुलाला टेकलेल्या त्याच्या थरथरणाऱ्या गुडघ्यामुळे स्टुलाचा पाय फरशीवर वाजत होता, त्याला ते ऐकूच आलं नव्हतं. तो बसला. “तुमचे हात बिघडले ना,” ती म्हणाली, “त्याच्या आधीपासून.”

“आधीपासून?”

“आधी एक डोळा गेला. ताईकडे जाते सांगून मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. ते म्हणाले, एकाचं मधलं गेलंय, ते येत नाही आता. दुसऱ्याचं सुरू झालंय, ते थांबवता येईल. सुई देतात म्हणे. डोळ्यात. पुन्हा पुन्हा यावं लागेल, बरोबर माणूस आणा म्हणाले.” ती पिस्टन फिरवतच होती. “घरी आले तर तुम्ही फरशीवर बसून रडत होतात.”

मिस्त्रीला तो दिवस आठवला, वेगळ्याच बाजूनं, जिथून त्यानं तो कधी पाहिला नव्हता. त्या दिवशी ती बाहेरूनच आली होती, पायात चपला होत्या. आणि ती कडी तिनं फरशीवरून शोधली होती ती बघून नव्हे. तळहात फिरवून फिरवून, हे आता त्याला दिसत होतं. “मग तू सांगितलं नाहीस? माझ्या हातांपायी तू डोळा घालवलास?” तो ओरडला. ओरडायचं नव्हतं.

“उगाच मला देवी करू नका,” ती पण चिडली. “मी घाबरले. डोळ्यात सुई म्हटल्यावर माझा पाय निघेना. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. तुमचं कारण मिळालं, बरंच झालं. आणि एक सांगू? मला हे काम आवडायला लागलं होतं. स्वैपाकघरात रोज काहीतरी सांडत होतं, लवंडत होतं. इथं नाही. इथं प्रत्येक वस्तू हाताला कळायची. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पाना दिला असतात का माझ्या हातात? खरं सांगा.”

दिला नसता. तिला गादीवर बसवलं असतं आणि स्वतः तिच्याशेजारी बसून दोघांच्या नशिबाला बोल लावला असता.

“काहीच दिसत नाही का?” त्यानं हळूच विचारलं.

“असं कसं? कडेचं दिसतं सगळं. दार, खिडकी, माणूस आला-गेला. जिकडे बघायला जावं ना, नेमकं तेवढंच जातं. तुमच्या तोंडाकडे बघितलं तर तोंड नसतं. शेजारी कपाट असतं, वर पंखा असतो, मधे नुसता धूर.” ती सांगत होती तशी शांतपणे, भाजीत मीठ कमी पडलंय हे सांगावं इतक्या शांतपणे. “म्हणून मी भिंतीकडे बघते. भिंतीकडे बघितलं की तुम्ही कडेला येता. मग दिसता थोडे.”

हे ऐकल्यावर त्यानं टेबलाची कड धरली. कारण गेलं वर्षभर ती त्याच्याशी बोलताना तोंड फिरवायची. जेवताना, झोपताना, तो काही सांगत असताना ती भिंतीकडे, खिडकीकडे, कपाटाकडे बघत बसायची. तो कुणाला बोलला नव्हता. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात. पण त्यानं त्याचा अर्थ लावला होता आणि त्या अर्थाशी तो मुकाट्यानं संसार करत होता: हिला माझे हात बघवत नाहीत. घास तोंडाशी नेताना सांडतो ते बघवत नाही. शिसारी येते हिला. म्हणून तोही तिच्यासमोर हात टेबलाखाली ठेवायला शिकला होता. ती जितकी तोंड फिरवायची तितका तो हात लपवायचा. म्हणजे ती कडेनं त्याला शोधत होती तेव्हा तो लपत होता.

“तो दुसरा डोळा,” तो म्हणाला. “अजून थांबवता येईल?”

“विचारलं नाही परत.”

“आत्ता चल.”

“वेड लागलंय का? मास्तर येतील संध्याकाळी. बाण कुठे ते सांगा, मी बसवून टाकते. तासाभराचं काम आहे. उद्या जाऊ.”

उद्या. त्या शब्दानं तो हादरला. त्यात नवीन काहीच नव्हतं, आणि म्हणूनच. तासाभरात इंजिन बसेल, ठोका जाईल, मास्तर वाहवा करतील, तो हसेल, ती आत डबा आपटेल किंवा आपटणार नाही, आणि उद्या दुसरी गाडी येईल. असंच तर वर्ष गेलं होतं. काखेत कळसा ठेवून. “नाही,” तो म्हणाला. ती म्हणाली, “हट्ट करू नका.” तो म्हणाला, “नाही म्हणजे नाही.” तिनं पिस्टन घट्ट धरला, जसं काही तो तिच्याकडून काढून घेणार होता, आणि दोघं तशीच बसून राहिली असती कोण जाणे किती वेळ, पण तेवढ्यात बाहेर शिट्टी छातीवर आपटल्याचा आवाज आला आणि मास्तरांचं भलंथोरलं अंग दारात उभं राहिलं. तलावाचा पंप बिघडल्यामुळे त्यांना लवकर सुट्टी मिळाली होती.

“काय, सापडली का उचकी?” त्यांनी उघडं पडलेलं इंजिन पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. “अरे बापरे. एवढं सगळं? मिस्त्री, काय झालं होतं?”

“पिस्टन उलटा बसला होता,” मिस्त्री म्हणाला.

“तुमच्या हातून?” मास्तर हसायला लागले, मग त्याचा चेहरा बघून थांबले. “चेष्टा करताय.”

आता सांगायला शंभर गोष्टी होत्या. नव्या बनावटीचा माल, दुकानदार चोर, कारखान्यातच खूण चुकली. त्या सगळ्या त्याच्या जिभेवर ओळीनं उभ्या होत्या. बायको मान खाली घालून बसली होती आणि तिच्या मानेवरची शीर ताठ झाली होती; ती त्यातल्याच एखाद्या गोष्टीची वाट बघत होती, तिला साथ द्यायला. मिस्त्री उठला. त्यानं दोन्ही हात पुढे केले, मास्तरांच्या छातीसमोर, तळवे वर करून, आणि काही न धरता, काही न लपवता तसेच ठेवले. ते थरथरत राहिले. मास्तर त्या हातांकडे बघत राहिले.

“हे असे आहेत,” मिस्त्री म्हणाला. “कधीपासूनच आहेत. तुमचं इंजिन हिनं बांधलंय. सगळ्यांची हिनंच बांधलीत. हा बाण तिला दिसला नाही, कारण तिला डोळ्यांनी दिसत नाही, आणि हे मला आज दुपारी कळलं. गाडी आज होणार नाही, मास्तर. आम्ही दवाखान्यात चाललोय.”

“अहो!” ती किंचाळल्यासारखं म्हणाली.

मास्तरांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग कधी नव्हे ते हळू आवाजात म्हणाले, “मी सोडलं असतं तुम्हाला दोघांना. पण माझी गाडी तर तुम्ही उघडून ठेवलीय.”

ती हसली. रडता रडता की चिडता चिडता ते त्याला कळलं नाही, पण हसली. पिस्टन तिनं टेबलावर ठेवला, हात पदराला पुसले आणि उठून उभी राहिली. त्याचे हात अजून तसेच हवेत होते; ते खाली घ्यायचे तो विसरला होता. मग तिनं त्याच्यावरून मान वळवली, पार भिंतीपर्यंत, आणि त्याच्याकडे बघत राहिली.